पुरवणीतला तो दगड उलटा छापलाय

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

परवाच्या रविवार पुरवणीत पुण्यातल्या ज्यू लोकांवर लेख आला तो वाचला. लेख चांगलाय, मेहनत दिसते. पण सोबत हिब्रू अक्षरांच्या कबरीच्या दगडाचा जो मोठा फोटो आहे तो उलटा छापलाय, म्हणजे डोकं खाली पाय वर असं नाही, आरशात बघितल्यासारखा. कॉलमात नीट बसावा म्हणून पेज लावणाऱ्याने फ्लिप केला असणार, दुसरं काय. दगडावर इंग्रजी असतं तर चहा पिता पिता कुणीही ओळखलं असतं, फोटोत नुसतं हिब्रूच घेतलंय त्यामुळे कुणाला कळलं नाही. मला कळलं ते लामेद नावाच्या अक्षरामुळे. हिब्रूत हे एकच अक्षर ओळीच्या वर मान काढतं आणि ती मान डाव्या अंगाला असते, तुमच्या फोटोत ती उजवीकडे गेलीय.

आता तुम्ही म्हणाल एवढ्याशा गोष्टीवर काय पत्र लिहायचं. माझंही आधी तेच मत असतं, पण गेल्या वर्षी अशाच उलट्या अक्षरांपायी मी जे काही केलंय ते सांगतो, मग ठरवा.

त्याआधी लेखातली एक चूक. लाल देऊळ बेने इस्रायलींनी बांधलं असं छापलंय, तसं नाही. लष्कर भागातलं लाल देऊळ म्हणजे ओहेल दाविद हे सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ, ते डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलं, ते बगदादी ज्यू. ते १८६४ मध्ये पुण्यातच वारले, इमारत १८६७ ला पुरी झाली आणि त्यांची कबर तिथल्या आवारातच आहे. बेने इस्रायली म्हणजे आपले कोकणातले, घरात मराठी बोलणारे, गावावरून आडनाव लावणारे, पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून ज्यांना शनिवार तेली म्हणायचे ते. त्यांचं सिनेगॉग रास्ता पेठेत, सुक्कत शेलोमो, १९२१ सालचं. रास्ता पेठेत आयुष्य गेलेल्या लोकांनासुद्धा ते माहीत नसतं, तुमच्या लेखकाला कसा दोष देऊ.

तर माझी काकू बेने इस्रायली. नाव राहेल, शाळेच्या दाखल्यावर रेचल, आमच्या वाड्यात सगळ्यांची राहीकाकू. राही म्हणजे विठोबाची राही अशी आजीने स्वतःची समजूत करून घेतली होती आणि ती कुणी मोडली नाही. काका-काकूंचं रजिस्टर लग्न, मूलबाळ नाही. काकू नर्स होती, त्यामुळे घरात शिरणाऱ्याला नमस्काराच्या आधी "हात धुतलेस का रे?" ऐकावं लागायचं. नव्याच्या सणाला, म्हणजे त्यांच्या नवीन वर्षाला, ती गव्हाच्या चिकाचा हलवा करायची, नारळाच्या दुधातला, आणि नवस फेडला की मलिदा, म्हणजे गोड पोहे, खोबरं, फळं, सुकामेवा. आम्ही पोरं एलियाहू हन्नाबीला, म्हणजे त्यांच्या एलियाहू संदेष्ट्याला, मनातल्या मनात नवस बोलायचो, कारण फेडायला काकू होतीच. काका गेले तेव्हा त्यांना वैकुंठात नेलं, त्या दिवशी तिने मला बाजूला घेऊन सांगितलं की मला मात्र आमच्या कब्रस्तानात ठेवा आणि दगडावर हिब्रू पाहिजे, नुसतं इंग्रजी नको. मी हो म्हणालो. हो म्हणायला काय जातं.

२४ जानेवारी २०२४ ला संध्याकाळी ती गेली. दफन तिच्या लोकांनी केलं, सगळं नीट झालं. दगड वर्षाच्या आत बसवायचा असं ठरलं आणि मग लक्षात आलं की तिच्याकडचं इथे जवळचं असं कुणीच उरलेलं नाही, सगळे इस्रायलला. एक धाकटा भाऊ बेरशेबाला, वय ऐंशीच्या वर. आम्ही त्यांना मामाच म्हणतो. म्हणजे दगडाचं बघायचं ते मी, ज्याला अलेफ पण माहीत नव्हतं.

सुरुवात मी तारखेपासून केली, म्हटलं आकडे आहेत, सोपं असेल. मोबाईलवर तारीख बदलून देणारं अ‍ॅप मिळालं, त्याने सांगितलं १४ शेवात ५७८४, शेवात हा त्यांचा महिना. हिब्रूत आकडे अक्षरांनीच लिहितात, योद म्हणजे दहा, दालेत म्हणजे चार, झालं चौदा. वर्षाचं पण मी लावलं, ताव चारशे, शिन तीनशे, पे ऐंशी, दालेत चार, झाले सातशे चौऱ्याऐंशी, आणि पाच हजारासाठी त्यांच्या आधी ‘हे’ नावाचं एक अक्षर. मी खुशीत सगळं कागदावर लिहिलं आणि मामांना फोन लावला. तिकडे थंडीत साडेतीन तास मागे असतं, ते नुकते नाश्त्याला बसलेले.

"किती वाजता गेली रे ती?"

मी म्हटलं सात वाजून दहा मिनिटांनी.

"सकाळी?"

नाही, संध्याकाळी.

"मग अरे येड्या, सूर्य बुडालेला. पंधरा झाली." त्यांचा दिवस संध्याकाळी सूर्य मावळला की सुरू होतो. अ‍ॅपमध्ये सूर्यास्तानंतर अशी बारीक टिक असते ती मी केलीच नव्हती. आणि मग मामा बराच वेळ काही बोलेनात, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "म्हणजे उरुसाच्या दिवशी गेली की ती."

मला उरूस म्हणजे दर्ग्याचाच माहीत. पण १५ शेवातला बेने इस्रायली एलियाहू हन्नाबीचा उरूस करतात, एलियाहू खंडाळ्याहून स्वर्गात गेले अशी त्यांची श्रद्धा. हे घाटातलं खंडाळा नाही बरं का, अलिबागजवळचं, तिथल्या खडकावर त्यांच्या घोड्यांचे आणि रथाचे माग दाखवतात. काकू दर वर्षी जायची आणि आम्हाला वाटायचं काकू लोणावळ्याच्या पुढे कुठेतरी जाते. मी नंतर कालनिर्णय काढून बघितलं, २५ जानेवारीला पौष पौर्णिमा. त्यांचाही महिना चंद्राचाच, पंधरा तारीख म्हणजे पौर्णिमेच्या आसपासच येणार. मी चौदा कोरून मोकळा झालो असतो तर दगडावर तिचा उरूस चुकला असता आणि ते पुढे कुणालाही कळलं नसतं.

बरं, पंधरा. मी लगेच हुशारी दाखवली, म्हटलं मग योद आणि हे, दहा नि पाच. तर मामा ओरडलेच. ती दोन अक्षरं एकत्र आली की देवाचं नाव होतं, ते तारखेला वापरायचं नाही, म्हणून पंधराला नऊ आणि सहा लिहितात, तेत आणि वाव. सोळाला पण तसंच, नऊ आणि सात. हे कुठल्याही तक्त्यात बघून आपोआप कळत नाही. तक्त्यात प्रत्येक अक्षराचा आकडा दिलेला असतो आणि माझ्यासारखा माणूस बेरीज करत बसतो.

मग मजकूर. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर नमुना पाठवला तो पुरुषाच्या दगडाचा होता, त्यात बेन होतं, म्हणजे मुलगा, बाईला बत लागतं. क्रियापदही बदलतं, पुरुष निफ्तार, बाई निफ्तेरा. सुरुवात कशी करायची यावरही दोन मतं निघाली. खूप ठिकाणी पे आणि नून अशी दोनच अक्षरं वर असतात, पो निकबेरा, इथे पुरलेली आहे अशा अर्थाची, आणि सेफार्दी, बगदादी पद्धतीच्या दगडांवर मत्सेवेत केवुरात असं पूर्ण लिहितात, म्हणजे अमुकच्या कबरीचा दगड. मामा म्हणाले आपल्या आईच्या दगडावर दुसरं आहे, तेच ठेव. वाद संपला.

नावाला वडिलांचं नाव जोडतात. काकूच्या वडिलांना सगळं गाव सामाजी म्हणायचं, कागदोपत्रीही तेच. सामाजीचं हिब्रू काय? मी अक्षरशः सामाजी हिब्रूत लिहायला निघालो होतो, ज साठी गिमेलवर फटकारा मारतात इथपर्यंत शोधून काढलं होतं. मामा हसले. सामाजी म्हणजे शमुएल. जुन्या बेने इस्रायली लोकांची नावं अशीच आपल्या वळणावर गेलेली, अब्राहमचा आबाजी, मोझेसचा मुसाजी, इझिकेलचा हसाजी. मुंबईत १७९६ साली यांचं पहिलं सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, ते म्हणजे सॅम्युअल इझिकेल. तर दगडावर आलं राहेल बत शमुएल. हे मला आवडलं, कारण शेवटच्या ओळीचं पण शमुएलशीच नातं निघालं.

ती शेवटची ओळ जवळजवळ प्रत्येक ज्यू दगडावर असते, पाच अक्षरांची, ताव नून त्सादी बेत हे. पूर्ण म्हणायचं तर तेही नफ्शा त्सेरुरा बित्स्रोर हाहायिम. तिचा जीव जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो. शमुएलच्या पहिल्या ग्रंथात अबीगैल नावाची बाई हे दाविदला म्हणते. गाठोडं हा शब्द मामांनी वापरला, त्यांच्या आईने तसाच सांगितलेला म्हणे. मी कुठेकुठे वाचलेली भाषांतरं यापुढे अगदीच सरकारी वाटली. काकूच्या कपाटात वर एक गाठोडं होतं, जुन्या नऊवारीत बांधलेलं, त्यात काय होतं ते तिने कधी दाखवलं नाही आणि ती गेल्यावर उघडलं तर आमच्या सगळ्यांच्या लहानपणीच्या झबल्या-टोपड्यांचं निघालं. असो. पुरुषाला नफ्शो आणि बाईला नफ्शा, पण लघुरूपात दोघांनाही तीच पाच अक्षरं येतात, त्यामुळे इथे निदान चुकायला जागा नाही असं मला वाटलं होतं.

बाईच्या दगडावर एशेत हायिल लिहायची पण पद्धत आहे, नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातलं, कर्तबगार स्त्री असा साधारण अर्थ. मी म्हटलं घालूया, काकूला शोभेल. पण तिचंच बोलणं आठवलं. काकांना घेऊन ती एकदा कब्रस्तानात गेली होती आईच्या कबरीवर खडा ठेवायला (ते फुलं वाहत नाहीत, खडा ठेवतात), आणि येताना रिक्षात म्हणाली, "सगळ्याच बायका मेल्यावर गुणी, मग भांडत कोण होतं?" नाही घातलं.

आता दुकान. दुकानाचं नाव सांगत नाही, माणूस चांगला आहे. ग्रॅनाइटचा काळा दगड ठरला. हल्ली छिन्नी नसतेच, कॉम्प्युटरवर मजकूर बसवतात, प्लॉटरवर रेडियम कटिंगसारखं स्टेन्सिल कापतात, दगडावर चिकटवून वाळूचा फवारा मारतात की अक्षरं खोल जातात. अक्षरामागे पैसे. मी मामांना सांगितलं सगळा मजकूर कागदावर लिहून फोटो पाठवा. त्यांनी पाठवला आणि मी डोक्याला हात लावला, त्यातलं एकही अक्षर माझ्या तक्त्यातल्या अक्षरासारखं नव्हतं. हिब्रूचं हाताने लिहायचं वळण वेगळं आणि छापील वेगळं, आपल्याकडे मोडी आणि बाळबोध तसं. त्यांनी मग ऐंशीच्या वरच्या वयात, थरथरत्या हाताने, एकेक अक्षर बाळबोधीत गिरवून परत पाठवलं, तीन पानं. ती मी लॅमिनेट करून ठेवलीत.

दुकानातल्या पोराने मजकूर पेस्ट केला तर नुसते चौकोन आले, फॉन्ट नव्हता. फॉन्ट टाकला. "काका, आम्ही अरबीपण करतो, टेन्शन नका घेऊ." दोन दिवसांनी प्रिंट दाखवायला बोलावलं. कागदावर सुंदर दिसत होतं, काळ्यावर पांढरं, बॉर्डर, कोपऱ्यात तारा. मी ठीक आहे म्हणून सही करायला पेन पण काढलं होतं. पण शेवटच्या ओळीतली पाच अक्षरं मला पाठ होती, तेवढीच होती. उजवीकडून वाचायला लागलो तर पहिलंच अक्षर हे, ताव पाहिजे होतं. परत बघितलं. हे, बेत, त्सादी, नून, ताव. सगळी ओळ डावीकडून उजवीकडे लावलेली. वर नाव बघितलं, राहेल म्हणजे रेश हेत लामेद, इथे लामेद आधी. प्रत्येक अक्षर सुटं बघितलं तर बरोबर होतं, तुमच्या फोटोसारखी आरशातली भानगड नव्हती, पण रांगच उलटी. त्याच्या सॉफ्टवेअरला उजवीकडून लिहितात हे ठाऊकच नाही, ते बिचारं डावीकडून सुरू करतं. म्हणजे मराठीत मला "राही" पाहिजे होतं आणि दगडावर "हीरा" येणार होता. मराठीत निदान काहीतरी अर्थ तरी निघाला असता.

आणि दोन छोट्या तिरक्या रेघा गायब. लघुरूप किंवा आकडा असला की शेवटच्या अक्षराच्या आधी वर दोन फटकारे देतात, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हा शब्द नाही. पोरगा म्हणाला, काका ते इंग्रजी कोटेशन मार्क चुकून आले वाटले म्हणून मीच काढले. त्याने ते अगदी निगुतीने, सगळीकडचे काढले होते.

यानंतर मी काय केलं ते एवढंच की मजकूर अक्षरं म्हणून न देता मामांकडच्या एका नातीने करून पाठवलेलं चित्र, पीडीएफमधलं, दिलं आणि पोराला सांगितलं याला हात लावायचा नाही, फक्त छोटं-मोठं करायचं. स्टेन्सिल दगडावर चिकटवल्यावर, फवारा मारायच्या आधी, व्हिडिओ कॉल लावून मामांना दगड दाखवला. त्यांनी मोठ्याने वाचला. हेत आणि हे, दालेत आणि रेश, बेत आणि काफ ही सगळी भावंडं एकमेकांसारखी दिसतात, त्यांना फोन जवळ न्या, अजून जवळ न्या करत त्यांनी एकेक तपासलं. एका हेतचा डावा पाय वरच्या दांडीला पोचत नव्हता, तो पोचला नाही तर त्याचा हे होतो. पोराने ब्लेडने तिथे चार मिलिमीटर कापलं. राहेलची राहेल राहिली.

अजून एक गोष्ट राहिली ती मला जास्त अवघड गेली. आम्हा पुतण्यांकडून एक ओळ पाहिजे होती. मी मोबाईलवर काकू टाकून हिब्रू मागितलं, दोदा आलं. मावशी टाकलं, दोदा. आत्या टाकलं तरी दोदा, मामी पण दोदा. मामांना विचारलं तर म्हणाले बरोबर आहे, इकडे सगळ्या दोदाच. म्हणजे हिब्रूत लिहायचं तर ती माझी कोण हेच सांगता येईना, काकांच्या बाजूची की आईच्या. तिने तर त्या एका नात्यासाठी केवढं सोसलं होतं, पहिली दोन वर्षं आजी तिच्या हातचं पाणी घेत नव्हती. मी हिब्रूचा नाद सोडला आणि मामांना भीत भीत विचारलं की खाली मराठीत एक ओळ चालेल का. ते म्हणाले चालेल का काय विचारतोस, आमच्या बापाच्या दगडावर मराठीच आहे की. पुण्यातच १८७४ साली हिब्रू आणि मराठी मिळून हग्गादा छापलेली आहे, त्यांच्या वल्हांडण सणाच्या रात्री वाचतात ती, हे पण त्यांनीच सांगितलं. मला उगाच वाटत होतं की मराठी घातलं तर दगड कमी ज्यू होईल.

तर खाली आहे "आमची राहीकाकू". एवढंच. या ओळीला कुणाला व्हिडिओ कॉल करावा लागला नाही, तरी पोराने पहिल्या प्रिंटला "राहिकाकू" असं र्‍हस्व केलं होतंच.

वर्षाचा दिवस मी २४ जानेवारी धरून चाललो होतो, तोही मामांनी फिरवला. ५७८४ मध्ये त्यांचा अधिक महिना होता, अदार दोनदा आला, त्यामुळे १५ शेवात आली थेट १३ फेब्रुवारी २०२५ ला. आपला अधिक श्रावण २०२३ मध्ये येऊन गेला होता, त्यांचा नंतर आला. दगडवाल्याला वीस दिवस जास्त मिळाले, तो खूष. आदल्या संध्याकाळी दिवा लावला. दुसऱ्या दिवशी कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात ते जमवायला कोण धावपळ, ठाण्याहून दोघे आले. हझान, म्हणजे प्रार्थना म्हणणारा, दगडासमोर उभा राहून बोट फिरवत वाचत गेला, उजवीकडून डावीकडे, कुठे अडखळला नाही. खालच्या मराठी ओळीपाशी त्याचं बोट थांबलं आणि डावीकडून परत निघालं. आम्ही सगळ्यांनी खडे ठेवले. माझ्या बायकोने ठेवायच्या आधी खडा बाटलीतल्या पाण्याने धुतला.

म्हणून म्हणतो, तुमच्या फोटोतला दगडही कुणीतरी असाच तपासून घेतलेला असेल. मूळ फोटो तुमच्याकडे असेलच, येत्या रविवारी तो सरळ करून परत छापा, छोटा छापलात तरी चालेल. पेज लावणाऱ्याला एवढंच सांगा की लामेदची मान डावीकडे आली पाहिजे. आणि पुढच्या वेळी हिब्रू काही छापायचं असेल तर रास्ता पेठ तुमच्या ऑफिसपासून लांब नाही, छापायच्या आधी तिथे कुणालाही दाखवा, हात धुऊन जा म्हणजे झालं.

आपला,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे
(नाव-पत्ता सोबत दिला आहे, छापू नये. काकूला नसतं आवडलं.)